कागदी विमानावरचा शिलालेख

आमच्या घरमालकांनी मला भाड्याची खोली दाखवली ती आरशाने. गुलमंडीच्या मागच्या बोळात त्यांचं घर होतं आणि मधल्या खोल्यांना खिडकी नावाचा प्रकार नव्हता. दुसऱ्या कुणी बटण दाबून दिवा लावला असता. यांनी मला अंधारात उभं केलं, स्वतः अंगणात गेले, हातभर लांबीचा आरसा उन्हात धरला आणि कवडसा माझ्या डोक्यावरून आत सोडला. बाहेरून आवाज आला, "वर बघा. छत, सागवानी. आता हळूहळू डाव्या हाताला या. खुंट्या. मधली भग्न." मी आपला पुढे निघालो तर ते ओरडले, "उजेडाच्या पुढं पळायचं नाय! उजेड थांबला की थांबायचं." उजेड मोरीवर जाऊन थांबला. मीही थांबलो.

"काही शंका?"

मी विचारलं, "पाणी येतं का?"

"पाणी इथं प्राचीन काळापासून येतं," ते म्हणाले. ते दिवसाआड येतं आणि तेही करंगळीएवढं, हे मला राहायला आल्यावर कळलं.

सगळा जन्म त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांत गाइड म्हणून काढला होता. हंगामात मुक्काम फर्दापूरला, पावसाळ्यात घरी. लेण्यांत अंधार, म्हणून दारात एकजण आरसा धरून उभा राहायचा, आत पांढरी चादर ताणायची आणि चादरीवरून उजेड वळवून भिंतीवरची चित्रं दाखवायची, अशी त्यांच्या काळची पद्धत. निवृत्त होताना आरसा आणि चादर घेऊन ते घरी आले आणि उरलेली गाइडगिरी बायकोवर आणि भाडेकरूवर चालवू लागले. काकू म्हणायच्या, "ह्यांना भिंतीशी बोलायची सवय. भिंत उलटून बोलत नाय ना. मी बोलते, ते ह्यांना सोसत नाय."

सगळा बोळ त्यांना जर्मनकाका म्हणायचा. इंग्रजी बोलणारे गाइड पुष्कळ होते, पण घडाघडा जर्मन बोलणारे हेच. त्यामुळे आसपास कुणाच्याही घरी जर्मनीहून काही आलं, मग ती औषधाची बाटली असो की शिलाई मशीनची सुई, ते आधी काकांपुढे यायचं. काका ती वस्तू उलटीपालटी करत, तिच्यावरच्या छापील अक्षरांकडे बराच वेळ बघत आणि निकाल देत, "उत्तम माल आहे. जपून वापरा." आजवर या निकालाविरुद्ध कुणाची तक्रार आलेली नव्हती.

त्यांचा एक कायदा होता. "टुरिस्टाला 'ठाऊक नाय' म्हणायचं नसतं, इंजिनेर," ते मला सांगत. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नुकताच लागलेला साधा शॉप सुपरवायझर होतो, पण त्यांनी पहिल्याच दिवशी मला बढती देऊन टाकली होती. "तो इतक्या लांबून येतो. आपण ठाऊक नाय म्हटलं की त्याचं अर्धं लेणं बंद झालं." या कायद्याला जागून त्यांनी एका मॅडमला चित्रातल्या दासीचं नाव शकुंतला असल्याचं जागच्या जागी सांगितलं होतं. शकुंतला हे काकूंच्या धाकट्या बहिणीचं नाव. "माझ्या बहिणीला गोऱ्या लोकांपुढं दासी केलं ह्यांनी," हे काकू मी राहायला आल्यावरही ऐकवत होत्या आणि काका शांतपणे म्हणत, "नाव लक्षात राह्यलं ना त्या मॅडमच्या? मंग?"

विमान आलं ते असं. एक जर्मन जोडपं लागोपाठ दोन हिवाळे अजिंठ्याला आलं. दुसऱ्या खेपेला ते खास काकांना शोधत आले आणि जाताना एक चपटं पाकीट हातात ठेवून गेले. आत जाड कागदाचे मोठे तक्ते होते आणि त्यांवर रंगीत तुकडे छापलेले होते. काकांना वाटलं, भिंतीला लावायची चित्रं. काकूंनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, हे कटिंग आहे. ही बाही, हा गळा, हा पाठीचा भाग." काकू ब्लाउज शिवायच्या. त्या विमानाचं खरं स्वरूप घरात पहिल्यांदा त्यांनी ओळखलं. पाकिटावर चित्र होतं महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाचं, एकशेनऊ नंबरचं. इतरांना अक्षरं वाचता आली नाहीत तरी तो आकडा सगळ्यांना वाचता आला, आणि बोळात त्याचं नाव एकशेनऊच पडलं.

पाकीट बरीच वर्षं ट्रंकेत पडून होतं. निवृत्तीनंतर, म्हणजे मी तिथे भाडेकरू असताना, काकांनी ते बाहेर काढलं आणि कामाला सुरुवात केली. दाढीचं पातं, काकूंची कात्री आणि कणकेची खळ एवढीच हत्यारं. आत अस्तराला म्हणून ते कागजीपुऱ्याला जाऊन हातकागद घेऊन आले. खळीत थोडं भाताचं तूस घालावं असं त्यांच्या मनात होतं. अजिंठ्याच्या गिलाव्यात तूस आहे आणि तो अजून टिकून आहे, हा त्यांचा मुद्दा. काकूंनी सांगितलं की तूस घातलं तर खळीचं पातेलं तुम्हीच घासायचं. मुद्दा तिथेच मिटला.

पाकिटात एक तक्ता नुसत्या बारीक अक्षरांचा होता, काय कशाला जोडायचं ते सांगणारा. तो काकांनी खिळ्याला टांगला. "हे वाचून करायचं का?" मी विचारलं. "हौ, डोक्यात आहे सगळं," ते म्हणाले आणि त्याच्याकडे पाठ करून कामाला बसले.

आता प्रत्येक तुकड्याच्या कडेला दोन बोटं रुंदीची पट्टी होती आणि तिच्यावर काहीतरी छापलेलं होतं. कागदाची साधी पेटीही ज्याने केली आहे त्याला कळेल, की अशी पट्टी एकतर आत दुमडून चिकटवायची असते, नाहीतर कापून फेकायची. मी तसं म्हटलं. काकांनी पातं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लेण्यात बूट घालून शिरलो होतो.

"आन लेख झाकायचा? भिंतीवर लेख दिसला की तो जपायचा असतो, इंजिनेर. लोकांनी चित्रं खरवडली तरी चालतं एक वेळ. लेख गेला की लेणं मुकं झालं."

त्यांना जर्मन येत होतं आणि मला येत नव्हतं, तेव्हा मी खळीची वाटी त्यांच्याकडे सरकवली. सगळ्या पट्ट्या त्यांनी बाहेरच्या अंगाला सपाट चिकटवल्या, अक्षरं वर ठेवून. विमान माशासारखं खवल्याखवल्यांचं दिसू लागलं. पाकिटात दोन माणसंही होती, एक वैमानिक आणि एक मेकॅनिक. त्यांना काकांनी दोन पंखांवर समोर तोंड करून उभं केलं. "द्वारपाल," ते म्हणाले. आत बसायच्या जागी कुणी नाही आणि दारावर दोघे पहारा देताहेत, असं ते जगातलं एकमेव लढाऊ विमान असावं. शेपटीवरची जागा छापणाऱ्यांनी कोरी सोडली होती. काकू दिवाळीला तिथे कुंकवाचं स्वस्तिक काढायला निघाल्या, तेव्हा मात्र काका धावत आले. "नक्को! बाकी कुठंबी काढ, त्या शेपटीवर नक्को." त्या चिन्हाखाली काय काय झालं, हे त्यांना टुरिस्टांकडूनच कळलेलं होतं आणि त्याबद्दल मात्र ते कधी विनोद करत नसत.

बोळातल्या एका निवृत्त मास्तरांनी आक्षेप घेतला, की हे शत्रूचं विमान आहे. काका म्हणाले, "कुणाच्या शत्रूचं? तवा आपण निजामाच्या राज्यात. निजाम इंग्रजाच्या बाजूनं. आपण निजामाच्या इरुद्ध. आता तुम्हीच लावा त्रैराशिक." मास्तर गणिताचे होते, पण त्यांना ते सुटलं नाही.

विमान तयार झालं आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसलं. येईल त्याला दर्शन. अंगणात आरसा धरायचं काम माझ्याकडे, आत चादर आणि निवेदन काकांकडे. "इकडे उजवा पंख. हा लेख बघा. यात वैमानिकाच्या गावाचं नाव आहे. गाव डोंगरात आहे, द्राक्षं चांगली होतात. डाव्या पंखावर सेनापतीचा आशीर्वाद. आता नाकाकडे चला. हा लेख सर्वांत महत्त्वाचा. यात त्याच्या आईचं नाव कोरलेलं आहे. एल्सा."

लोक बघायचे, मान हलवायचे, चहा पिऊन जायचे. अडकून पडली ती एकटी धुरपतामावशी.

धुरपतामावशी शेजारच्या पडवीत दोन शेळ्या घेऊन राहायची. मूळची फुलंब्रीकडची, धनगराची. तिचा एकुलता एक पोरगा फौजेत गेला आणि लढाईतून परत आला नाही. तिला शहरात कुणी नव्हतं आणि गावातही कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिला कुठेही सारखंच होतं. दूध घालायला आली असताना तिने काकांचं निवेदन ऐकलं आणि हातातलं माप तसंच धरून ती उभी राहिली.

"मायचं नाव लिव्हलंय? इमानावर?"

"नाकावर. सगळ्यात पुढं."

"ह्ये लोक शाने हायती," मावशी म्हणाली. "आमच्या पोराच्या समद्या कागदावर बापाचं नाव. बाप दारू पिऊन मेला, त्ये पोरगं रांगत हुतं तवा. माझं नाव कुनी इचारलं बी नाय."

दुसऱ्या दिवसापासून ती दूध घालून झालं की मधल्या खोलीत जाऊन स्टुलापाशी बसू लागली. पदराने विमानाच्या नाकावरची धूळ पुसायची, त्या अक्षरांवर बोट फिरवायची आणि मग उठून जायची. "एल्साबाई, निघते," असंही म्हणायची. काकूंनी तिला एकदाही हटकलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण काकू मला मोरीत जास्त वेळ लागला तरी हटकायच्या.

मावशीच्या शेळीला मात्र एवढी भक्ती नव्हती. कणकेच्या खळीचा वास शेळीला दुरून येतो. भिंतीवरची सिनेमाची पोस्टरं शेळ्या खातात त्या नटनटीसाठी नव्हे, खळीसाठी. एका सकाळी दार उघडं राहिलं आणि शेळीने एकशेनऊच्या शेपटीचा कोपरा खाल्ला. मावशी रडकुंडीला आली. काकांनी आरसा मागवला, जखमेची पाहणी केली आणि जाहीर केलं, की पुराणवस्तू मिळाली तशीच ठेवायची असते, डागडुजी करायची नसते. त्या दिवसापासून निवेदनात एक वाक्य वाढलं, "शेपटीचा हा भाग आक्रमणात नष्ट झाला."

असं सगळं सुखात चाललेलं असताना आमच्या कारखान्यात जर्मनीहून पत्रा दाबायची एक मोठी प्रेस आली आणि ती बसवायला एक फिटर आला. बाउमन त्याचं नाव. पन्नाशी उलटलेला, धिप्पाड, हातांवर जुने भाजल्याचे डाग. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मॅनेजरसाहेब हवालदिल झाले आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, "आमचे घरमालक आहेत ना."

काका सफारी घालून, केसांना तेल लावून आले. एक अडचण मला माहीत नव्हती. त्यांचं जर्मन पाढ्यासारखं होतं. मधूनच सुरू होत नसे. एखादा शब्द हवा असला की त्यांना पहिल्या लेण्याच्या दारापासून निघावं लागे आणि तो शब्द येईपर्यंत पुटपुटत चालावं लागे. बाउमनपुढे उभे राहून त्यांनी श्वास घेतला आणि सवयीने पहिलंच वाक्य म्हटलं. नंतर त्यांनी मला त्याचा अर्थ सांगितला. "कृपया जोडे बाहेर काढून ठेवावेत." बाउमनने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा मशीनकडे बघितलं आणि खाली वाकून बूट काढले. ते बघून कामगारांनी चपला काढल्या. मॅनेजरसाहेबांनाही काढाव्या लागल्या. नशिबाने मशीनची पूजा व्हायचीच होती, नारळ आणलेला होता, त्यामुळे सगळं शोभून गेलं. पाहुण्याला आपल्या चालीरीतींची किती जाण, म्हणून मॅनेजरसाहेब गहिवरले.

पुढे काम झालंही. तेल पाहिजे असलं की काका मनातल्या मनात त्या लेण्यापर्यंत जात, जिथे चित्रकार तेलाच्या दिव्याच्या उजेडात काम करत, आणि तिथून 'तेल' घेऊन येत. मशीनच्या कॉलमला ते 'खांब' म्हणत, झाकणाला 'छत'. बाउमन हसून हसून लाल व्हायचा, पण त्याला सगळं समजायचं. दोघांची गट्टी जमली. दुपारी डबा खाताना काका त्याला बोलतं करत आणि ऐकलेलं सगळं समजून घेत. काकांच्या कानाला तोड नव्हती, हे मी आजही मान्य करतो.

मग बाउमनने छापील माहितीपुस्तक उघडलं, एका परिच्छेदावर बोट ठेवलं आणि पुस्तक काकांच्या हातात दिलं. आता कामगारांना हे वाचून सांगा, असा त्याचा सरळ अर्थ. काकांनी पुस्तकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाले, "चष्मा घरी राह्यला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून घरी आणत होतो. मागून ते म्हणाले, "इंजिनेर, मला वाचता येत नाय."

"जर्मन?"

"जर्मन नाय, इंग्रजी बी नाय. आमची शाळा उर्दू. निजामाची. त्यातबी फार नाय शिकलो. पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य बदललं, मराठी अक्षर मी दुकानांच्या पाट्या बघून शिकलो. बाकी समदं कानानं. कानाला अक्षर लागत नाय."

मी स्कूटर बाजूला घेतली. "मग विमानावरचं?"

ते चष्मा काढून पुसू लागले.

"एल्सा?"

"एक टुरिस्ट होती. चांगली बाई होती," ते म्हणाले. मग एकदम माझा खांदा धरला. "धुरपताला बोलायचं नाय. बोळानं हसू दे मला, चालतं. पण ती रोज येते."

ही गोष्ट तिथेच दाबून टाकता आली असती. पण मॅनेजरसाहेबांना कुणीतरी एकशेनऊबद्दल सांगितलं होतं आणि त्यांनी ते खाणाखुणांनी बाउमनपर्यंत पोचवलं. बाउमन हरखून गेला. विमान बघितल्याशिवाय परत जायचं नाही, असं त्याने काकांना सांगितलं. काकांनी आधी 'सध्या बंद आहे' म्हणून बघितलं. बाउमन म्हणाला, उघडेल तेव्हा येतो. आलेल्या माणसाला दर्शन नाकारणं काकांच्या रक्तात नव्हतं. रविवारची दुपार ठरली.

रविवारी सकाळी काका खळीची वाटी आणि पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या घेऊन स्टुलापाशी बसले. माझीच सूचना होती, की सगळे लेख झाकून टाका, प्रश्नच मिटेल. पंखावरची एक पट्टी झाकून झाली. नाकाला ब्रश लावणार, तेवढ्यात दारात धुरपतामावशी.

"मायचं नाव कशापायी झाकता?"

काका म्हणाले, "जरा जीर्ण झालंय."

"मंग मानूस जीर्ण झाला तर झाकत्यात का?" मावशी म्हणाली आणि त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली. "आज तर तिकडचाच मानूस येनार हाय म्हनं. त्याच्या तोंडून ऐकू द्या की मला. त्यो बराबर घेईल नाव." तिने त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. काकांनी पंखावरची ओली पट्टीही परत काढून टाकली. अर्धवट झाकलेलं आणखी वाईट दिसलं असतं.

दुपारी बाउमन आला. टाय लावून, काकूंसाठी साबणाची वडी घेऊन. बोळ जमला होता. गणिताचे मास्तर पुढच्या रांगेत. मी अंगणात आरसा धरून उभा राहिलो आणि उघड्या दारातून मला आतलं सगळं दिसत होतं. काकांनी चादर धरली. उजेड पंखावर पडला. बाउमन खाली वाकला, त्याने चष्मा लावला आणि वाचायला लागला. फिटर माणूस छापील गोष्ट अर्धवट वाचत नाही. तो एकेक पट्टी मोठ्याने वाचत गेला. उजवा पंख. डावा पंख. मग नाक. प्रत्येक पट्टीला त्याचं हसू वाढत चाललं होतं. त्याला वाटलं, या गंमतीदार माणसाने हे मुद्दाम केलंय.

आणि ते ऐकताना काकांचा चेहरा उतरत गेला. वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं समजत होतं. ती अक्षरं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होती. 'इथून कापा.' कापणं हा शब्द त्यांना माहीत होता, लेणी डोंगरात कापून काढलेली आहेत हे त्यांनी हजारदा सांगितलं होतं. 'आत दुमडा.' आणि नाकावर, जिथे मावशीचं बोट फिरायचं तिथे, 'हा तुकडा फेकून द्या.' फेकणं हाही शब्द ओळखीचा. टुरिस्टांना ते रोज बजावत, इथे काही फेकू नका.

बाउमनचं लक्ष काकांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याचं हसू थांबलं.

"काय म्हनला त्यो?" मावशीने विचारलं. "लई लांब नाव हाय का? नीट सांगा मला."

सगळे काकांकडे बघू लागले. मला खात्री होती, की आता ते एल्सा म्हणणार. एक शब्द होता. बाउमनला मराठी येत नव्हतं, मी तर बोलणार नव्हतो, आणि हे गृहस्थ जन्मभर याहून कितीतरी मोठे शब्द डोळ्याची पापणी न हलवता बोलत आले होते. चादर खाली आली.

"मावशी," ते म्हणाले, "मला वाचता येत नाय. कधीच येत नव्हतं. इथं आईबिईचं नाव नाय. इथं लिहिलंय, हा तुकडा फेकून द्या."

मास्तर फस्सकन हसले. मागे आणखी दोघेतिघे हसले. मास्तर म्हणाले, "म्हणजे काका, इतके दिवस आम्ही कचऱ्याचं दर्शन घेतलं म्हणायचं!" यावर काकू दारातून म्हणाल्या, "आणि चहा प्यायलात तो?"

मी नंतर काकांना विचारलं होतं, की तुम्ही खरं का सांगितलंत. ते म्हणाले, "टुरिस्ट संध्याकाळी गाव सोडून जातो, इंजिनेर. धुरपता उद्या परत आली असती, आन मी तिला कचऱ्यापुढं बसलेलं बघितलं असतं." मला हा माणूस तेव्हा फार आवडला. एरवी आवडण्यापेक्षा करमणूकच जास्त व्हायची.

मावशी हसली नाही आणि रागावलीही नाही. ती विमानाकडे बघत होती.

"म्हंजे नावच नव्हतं?"

"नव्हतं."

"आन त्या पोराला माय तर आसंल की."

"असेल."

"तिला नाव बी आसंल."

"असेलच."

"मंग लिव्हा," मावशी म्हणाली. "नाय लिव्हलं त्यांनी, तर तुमी लिव्हा. त्यात काय रडायचं?"

बाउमनने काकांचा दंड धरून काय चाललंय ते विचारलं. काका त्याला सांगू लागले. मी त्यांचं जर्मन आठवडाभर ऐकत होतो, पण त्या दिवशी ते वेगळं होतं. ते पहिल्या लेण्यापासून निघाले नाहीत. अडखळत, थांबत, कुठलं तरी मधलंच बोलले. मावशीकडे हात केला, विमानाच्या नाकाकडे केला. बाउमन ऐकत राहिला. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. मग तो काकांशी हळू आवाजात दोन वाक्यं बोलला आणि मावशीकडे बघून त्याने एकच शब्द उच्चारला.

"मार्गारेट," काका म्हणाले. "त्याच्या आईचं नाव. याचा थोरला भाऊ असलं इमान चालवायचा. तो परत आला नाय."

मावशीने बाउमनकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, तो केवढा, त्याची आई केवढी असेल, असा काहीतरी हिशेब करावा तसं. काकूंनी ब्लाउजवर खुणा करायची निळी पेन्सिल आणून दिली. काकांनी फेकून द्यायच्या त्या तुकड्यावर, छापील अक्षरांच्या वरच, मराठीत लिहिलं, मार्गारेट. पाट्या बघून शिकलेलं त्यांचं अक्षर, दुकानाच्या नावासारखं मोठं आणि ठसठशीत. बाउमनने वाकून बघितलं. आता वाचता न येण्याची पाळी त्याची होती, पण त्याने काकांनी विचारायच्या आधीच मान डोलावली.

काका पेन्सिल खाली ठेवणार, तेवढ्यात मावशीने त्यांचा हात धरला.

"आता तिच्या शेजारी माझं लिव्हा," ती म्हणाली. "एकटीच कशाला राहील बिचारी तिथं?"

नीट बघायला मी दाराकडे सरकलो होतो आणि कवडसा विमानावरून घसरला होता. काका आतून ओरडले, "इंजिनेर, उजेड नीट धरा," आणि त्यांनी लिहायला घेतलं.